लिग्नाइट जर्मनीत घटलं, ग्वाल्हेरच्या विजेला काय फरक?

जर्मनी तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइट, कमी करतेय. मग माधवगंजातल्या मराठी घरांचं वीजबिल वाढणार की उतरणार? थेट संबंध जवळजवळ शून्य.

1980 च्या दशकात एकट्या पूर्व जर्मनीत वर्षाला 30 कोटी टनांच्या आसपास लिग्नाइट निघायचं. 2023 मध्ये अख्ख्या जर्मनीत जेमतेम 10 कोटी. मधल्या 2022 मध्ये रशियाचा गॅस आटला, तेव्हा त्यांनीच उत्पादन पुन्हा थोडं वाढवलं. हवामानाची भाषणं एकीकडे, थंडी दुसरीकडे!

भारतात कोरोनाचं वर्ष सोडलं तर आकडा चार ते पाच कोटी टनांतच घुटमळतोय. तोही नेवेली, गुजरात, राजस्थानचा. महाराष्ट्र, मध्य प्रदेशचा त्यात वाटा नाही.

खरी गोम पाण्याची. लिग्नाइटमध्ये बऱ्याचदा निम्मं वजन ओलाव्याचं असतं. ते रेल्वेनं लांब नेणं म्हणजे भाडं भरून पाणी वाहणं, हिशेब बसतच नाही. म्हणून ते खाणीच्या तोंडाशीच जाळतात आणि त्याला जागतिक बाजारभाव असा नाही.

आपली वीज प्रामुख्यानं दगडी कोळशाची: इकडे सिंगरौली, तिकडे चंद्रपूर. तो आकडा उतरत नाहीये. 2024-25 मध्ये देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच 100 कोटी टनांपलीकडे गेलं.

जानेवारी 2023 मध्ये लिग्नाइट खाणीसाठी जर्मनीतलं ल्युत्झेराथ गाव रिकामं केलं, ते जगानं टीव्हीवर पाहिलं. सिंगरौलीत जयंत खाण वाढवायला मोरवा हे आख्खं शहर उठवायचं चाललंय, त्याची ग्वाल्हेरात चर्चासुद्धा नाही.