गाथेत नसलेला अभंग

माउली, एक साधा प्रश्न विचारतो. 'आधी बीज एकले' हा अभंग गाथेत कितव्या क्रमांकावर आहे? शंकर पांडुरंग पंडितांनी सिद्ध केलेली जुनी इंदुप्रकाशची प्रत घ्या, 1950 साली सरकारने छापलेली घ्या, नाहीतर तुमच्या फडावर चालते ती घ्या. साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत, सवडीने चाळा. सापडणार नाही. ते पद तुकोबारायांचे नाहीच. शांताराम आठवले या कवीने ते 1936 साली प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' या बोलपटासाठी लिहिले. बोलपटाचे संगीत केशवराव भोळ्यांचे, आणि पडद्यावर तुकोबांच्या वेषात ते गायिले विष्णुपंत पागनीसांनी.

पद गोड आहे, याबद्दल वाद नाही. आठवल्यांनी ते चोरून कुणाच्या नावावर खपवले असेही नाही. शेवटच्या कडव्यात त्यांनी 'तुका म्हणे' घातलेले नाही. पराव्या शब्दांवर संतांची मुद्रा उमटवण्याचा मोह एका सिनेमाच्या कवीला आवरला, तो आपल्याला आवरला नाही. आपण ते भजनाच्या वहीत उतरवून घेतले, वर 'संत तुकाराम' असे लिहिले, आणि मुद्रा कुठे गेली हे विचारले नाही. ज्या संप्रदायात दहा वर्षांचे पोर मुद्रेवरून नामदेवरायांचा अभंग कोणता आणि नाथांचा कोणता हे सांगते, तिथे हे घडावे!

आता यातली गंमत पाहा. त्या बोलपटाचा खलनायक कोण? सालोमालो. त्याचा गुन्हा कोणता? तुकोबांचे अभंग आपल्या नावावर गाणे. बोलपटाच्या सुरुवातीलाच तुकोबा तल्लीन होऊन गातात आणि लगेच तेच पद सालोमालो स्वतःचे म्हणून आळवताना दिसतो. त्याच्यावर आपण नव्वद वर्षे हसत आलो. त्याने तुकोबांचे शब्द स्वतःच्या नावावर केले, आपण दुसऱ्याचे शब्द तुकोबांच्या नावावर केले. हिशेब उलटा मांडला तरी लबाडी तीच. गाथेत सालोमालोवर अभंग आहेत, ते काढून वाचा. बोलांची मोडतोड करून त्यांत आपले नाव घालणाऱ्यावर तुकोबा किती चिडले आहेत ते तिथे दिसेल.

सिनेमा पाहू नये असे मी म्हणत नाही. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे हे चित्र मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालले आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवले गेले, ते उगीच नाही. पण पडदा आणि पोथी यांचे काम वेगळे असते, हे पाहणाऱ्याने ओळखायला हवे. पडद्याला दोन-सव्वादोन तास पुरणारा एक दुष्ट लागतो. म्हणून कथालेखक शिवराम वाशीकरांनी मंबाजीचा मत्सर आणि सालोमालोची चोरी एकाच अंगरख्यात घातली. मंबाजी गेला आणि त्याच्याबरोबर एक फार मोठी गोष्ट गेली. बहिणाबाईंनी या मंबाजीचा जाच स्वतः सोसून आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत लिहून ठेवला आहे. महिपतीबाबा सांगतात की त्याने तुकोबांना काटेरी फांद्यांनी झोडपले. रात्री कीर्तनाला तो दिसला नाही, तेव्हा तुकोबा त्याच्या घरी गेले, मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांचेही तेच. ज्यांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तेच पुढे शिष्य झाले आणि तुकोबांची आरती लिहून गेले. आजही ती आरती आपण म्हणतो. संतचरित्रात विरोधक संपत नाही, तो पालटतो. हे समजून न घेता जो कीर्तनकार मंबाजीला सिनेमातल्या दुष्टासारखा रंगवून टाळ्या घेतो, तो महिपतीबाबांचे सांगत नसून पडद्याचे सांगतो.

दुसरी गोष्ट तुकोबांच्या स्वभावाची. पागनीसांचे तुकोबा पहिल्या दृश्यापासून सिद्ध आहेत, मृदू आहेत, या जगाचे नाहीत. कित्येक घरांत तुकोबांची तसबीर म्हणून जी लावली जाते तिच्यातही पागनीसांचाच चेहरा डोकावतो. गाथेतले तुकोबा असे आयते आलेले नाहीत. 1630 च्या दुष्काळात पैसा गेला, मान गेला, पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यानंतर लाज, खंत, भंडाऱ्यावरचा एकांत, देवाशी भांडण, ढोंग्यांवर आसूड. 2012 साली चंद्रकांत कुलकर्णींनी 'तुकाराम' हा चित्रपट केला. त्यात बालपण, रखमाई आणि दुष्काळ दाखवले, हे बरे केले. तरीही लोकांच्या मनात बसले आहेत ते जुनेच, गोरेगोमटे, कधी न रागावणारे तुकोबा. रागावणारे तुकोबा कदाचित आपल्यालाच सोयीचे नसावेत.

एका बाबतीत मात्र प्रभातला दाद द्यायलाच हवी. जिजाईला आपण कीर्तनातून कजाग म्हणून इतकी वर्षे हसण्यावारी नेले. गौरी या नटीने तिला माणूस केले. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन विठोबावर पायताण उगारणारी ती आई पाहिली की गाथेतले जिजाईच्या तक्रारींचे अभंग वेगळे ऐकू येतात. तिच्या तोंडचे कठोर शब्द तुकोबांनी स्वतः अभंगांत जपून ठेवले, ते काय तिची थट्टा करायला? इथे सिनेमाने गाथेचा अर्थ उघडला. असे होते तेव्हा मोकळ्या मनाने मान्य करावे.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, भाव महत्त्वाचा, शब्द कुणाचे का असेनात. हे उत्तर फार ऐकू येते. मग तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी सोडून इंद्रायणीच्या काठी शिळेवर कशासाठी पडून होते? भाव तर वह्यांबरोबर बुडाला नव्हता, तो त्यांच्याजवळच होता. बुडाले होते ते शब्द. शब्दांनाच त्यांनी आपले धन म्हटले.

आणि शब्द बदलला की सिद्धान्तही हलतो. आठवल्यांचे पद शेवटी एका ब्रह्मापाशी जाऊन थांबते. हा विचार संतांना परका नाही, गाथेतही तो आहे. पण ज्या तुकोबांनी अद्वैताच्या गोष्टी ऐकायला नकोत म्हणून सांगितले, मोक्ष नाकारून पुन्हा गर्भवास मागितला, देव वेगळा आणि आपण वेगळे राहून प्रेमसुख घेऊ म्हणाले, त्यांच्या नावाचे पहिले पद म्हणून नव्या पोरांना हे शिकवायचे? शाळेच्या कार्यक्रमात तुकोबांच्या वेषात उभे राहिलेले पोर बहुधा हेच पद गाते. गाथेतला एकही अभंग न गाता त्याची तुकोबांशी ओळख पूर्ण होते.

तेव्हा माउली, तुमच्या दिंडीच्या भजनाच्या वह्या एकदा तपासा. ज्या पदाला मुद्रा नाही त्यापुढे खूण करा आणि गाथेत पाहा. सापडले नाही तर कीर्तनात प्रमाण म्हणून घेऊ नका. गणपतीच्या मांडवात, सुगम गायनाच्या कार्यक्रमात 'आधी बीज एकले' खुशाल गा, चाल अवीट आहे. फक्त गाण्याआधी ध्वनिक्षेपकावरून सांगा, कवी शांताराम आठवले. त्यांचेही देणे नव्वद वर्षे थकले आहे.