पिंपातली जिवंत बिअर

इंग्लंडात गेलो की राजवाड्यांआधी माझे पाय गल्लीतल्या पबाकडे वळतात. तिथे मी ‘रिअल एल’ मागतो, तीही अर्धाच पाइंट; तेवढ्यात दोन-तीन प्रकारांची चव घेऊनही पाय ताळ्यावर राहतात!

ही बिअर पिंपात भरल्यावरही आंबत असते. आपल्या विरजणासारखी जिवंत! तळघरात १२ अंश सेल्सिअसच्या आसपास मुरवून ती हातपंपाने वर ओढतात. बाहेरचा वायू दाबून भरीत नाहीत. म्हणूनच बर्फगार, फेसाळ बिअरची सवय असलेल्याला पहिला घोट मिळमिळीत वाटतो. दुसऱ्या घोटाला हॉप्सचा कडवटपणा आणि माल्टचा खरपूसपणा उमगतो.

बड्या कारखानदारांच्या वायुभरल्या बिअरपुढे ही मागे पडली, तेव्हा १९७१ साली चौघा इंग्रज तरुणांनी ‘कॅम्रा’ ही चळवळ उभारली. तिने ही बिअर तारली खरी. पण खरी मेख पुढेच आहे. पिंप उघडले की तीनेक दिवसांत संपवावे लागते, नाहीतर चव जाते. गिऱ्हाईकच नसेल तर मालक पिंप उघडील कशाला? आणि ब्रिटनमध्ये तर अलीकडे दरवर्षी शेकडो पबांना टाळे लागते.

तेव्हा मंडळी, चळवळीने बिअर वाचली. तिला रोज जगवतो तो संध्याकाळी कोपऱ्यात येऊन बसणारा शेजारीच!