दंड झाला किती, उरला किती?

मुंबई-गोवा महामार्गालगतच्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत 20 मार्च 2021 रोजी घरडा केमिकल्सच्या कारखान्यात स्फोट झाला आणि चार कामगारांचा जीव गेला. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतरचा क्रम खेड-चिपळूणकरांना पाठ आहे: मृतांचा आकडा, पुढाऱ्यांची भेट, मदतीची घोषणा, चौकशीचे आदेश. पुढे खटला उभा राहिला का, दंड किती झाला आणि वरच्या कोर्टात त्यातला किती टिकला, हे कामगाराच्या घरापर्यंत सहसा पोचत नाही. दंडाचा पहिला आकडा, शेवटचा आकडा आणि दोहोंमधल्या फरकाचे कारण, या तिन्ही गोष्टी सरकारने स्वतःहून जाहीर केल्या पाहिजेत.

मुळात आपल्याकडचा दंडच तुटपुंजा. सुरक्षेचे नियम मोडल्याने कामगार दगावला तर 1948 च्या कारखाने अधिनियमातली दंडाची किमान रक्कम 25 हजार रुपये होती. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेने ती 5 लाखांवर नेली आणि दंडाची निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम वारसांना देण्याचा अधिकार कोर्टाला दिला. म्हणजे अपिलात दंड घटला, तर विधवेच्या पदरात पडणारे पैसेही घटू शकतात. तिला त्याचे कारण कळायला नको?

हे अशक्य नाही. अमेरिकेत टेक्सास सिटीतल्या बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात 2005 मध्ये 15 जण मृत्युमुखी पडले. तिथल्या सुरक्षा खात्याने 2009 मध्ये त्याच कारखान्याला 439 नव्या उल्लंघनांसाठी 3 कोटी 7 लाख डॉलरचा दंड लावला. कंपनीने तो मान्य केला नाही, आणि 2012 मध्ये बहुतेक मुद्द्यांवर सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलरवर तडजोड झाली. ही घट खात्याने स्वतः जाहीर केली. कोणत्याही तपासणीची नोंद उघडा, त्याच्या संकेतस्थळावर सुरुवातीचा दंड आणि सध्याचा दंड शेजारीशेजारी दिसतात. दंड घटला म्हणून रागावायचे की समाधान मानायचे, ते वाचकाला ठरवता येते.

यावर कोणी म्हणेल, अपील हा कारखानदाराचा हक्क आहे आणि निरीक्षकही चुकू शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच निकाल लोकांसमोर यायला हवा. निर्दोष सुटलेल्या मालकाच्या कपाळी आज पहिल्या बातमीचा डाग कायम राहतो, शेवटच्या निकालाची नोंद तो पुसू शकते. लहान कारखाने बदनाम होतील, ही भीतीही टिकत नाही. नोंदीत अफवा नसते, आदेश असतो. उलट पुरावा अपुरा पडला म्हणून दंड वारंवार घटत असेल, तर दोष तपासात आहे, हेही त्यातूनच उघड होईल.

अर्जाची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करावी, असे माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने रत्नागिरी जिल्ह्यापासून सुरुवात करावी. लोटे, घाणेखुंट आणि आवाशीच्या ग्रामसभांनी तसा ठराव करून तो संचालनालयाकडे पाठवावा.