पुराव्याविना चाललेली लढाई

‘हे तर सर्वांनाच ठाऊक आहे’ या वाक्याला न्यायालयात कवडीचीही किंमत नसते. वकिली करताना हे मी नित्य अनुभवतो. म्हणूनच सीमाभागातील सभांतून नेमके हेच वाक्य टाळ्या घेताना ऐकले की मन अस्वस्थ होते. खानापूर मराठी आहे, निपाणी मराठी आहे, हे आपण १९५६ पासून सांगत आलो आहोत. पण आज एखाद्या गावातील किती घरांत मराठी बोलली जाते, किती घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू दुसऱ्या भाषेत उत्तर देतो, मराठी शाळेचा पट दहा वर्षांत कितीने घटला, याची कोणालाही तपासून पाहता येईल अशी गाववार नोंद आपल्यापैकी किती जणांपाशी आहे?

माझे म्हणणे सरळ आहे. हे काम आपल्या महाविद्यालयांतील समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र आणि मराठी या विषयांच्या पदवी विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली उन्हाळ्याच्या सुट्टीत केले पाहिजे. ते होत नाही, याचा सारा दोष बेंगळुरूच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

कायद्याने या कामाचे महत्त्व केव्हाच सांगून ठेवले आहे. घटनेचा अनुच्छेद ३५०-क मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयीविषयी बोलतो. ३५०-ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमतो. अल्पसंख्याकांना दिलेल्या मान्य संरक्षणांनुसार जिल्ह्यात वा तालुक्यात १५ टक्के किंवा अधिक लोकांची जी भाषा असेल, त्या भाषेत महत्त्वाचे नियम व सूचना प्रसिद्ध करावयाच्या असतात. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. खेडे हा घटक मानावा, हे महाराष्ट्राच्या भूमिकेचे जुने सूत्र आहे. २०११ च्या जनगणनेची प्रसिद्ध भाषाविषयक कोष्टके मात्र खेड्यापर्यंत उतरत नाहीत. खेडे हा घटक म्हणणाऱ्यांनीच खेड्याचा अभ्यास करू नये, याहून मोठी विसंगती कोणती?

एका गावाच्या अभ्यासाने काय साधते, हे पाहायला दूर जावे लागत नाही. सांगलीजवळचे कुपवाड घ्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांच्या १९७१ च्या लेखामुळे हे गाव जगभरच्या भाषावैज्ञानिकांना परिचित झाले. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या मराठी, कानडी आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची घडण जवळजवळ एक झाली, असे त्यांनी मांडले. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. मधल्या काळातील बदल तपासता आला, कारण आधीची नोंद हाताशी होती. आपल्या गावांची पहिलीच नोंद नसेल, तर उद्या काय हरवले हेसुद्धा सांगता येणार नाही.

आज आपल्याकडे ‘प्रकल्प’ या नावाने काय चालते, हे पालकांनी एकदा पाहावे. मागच्या वर्षीच्या वहीवरून यंदाची वही उतरवली जाते, मुखपृष्ठावरचे नाव बदलते, मार्गदर्शक शेवटच्या पानावर सही करतो आणि गुण पडतात. ना विद्यार्थी गावात जातो, ना मार्गदर्शक. दुसरीकडे, देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने नामवंत शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करण्याची संधी देतात, वर विद्यावेतनही देतात. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान १९८७ पासून पदवी विद्यार्थ्यांना असे सवेतन संशोधन देत आले आहे आणि त्यात सामाजिक शास्त्रांनाही स्थान आहे. आपल्या अकादमींच्या योजनेत समाजशास्त्राच्या मुलाला जागा नाही. जणू समाज हा अभ्यासण्याचा विषयच नव्हे!

‘बी.ए.च्या पोरांना काय कळते?’ असा आक्षेप येईल. बाजारपेठेतील पाट्यांच्या भाषा मोजणे, शाळेचा पट उतरवून घेणे, कानडीतला जमिनीचा उतारा वाचून घेण्यासाठी शेतकऱ्याला कोणाचे उंबरे झिजवावे लागतात हे विचारणे, यासाठी डॉक्टरेट लागत नाही. लागतो तो शिस्त लावणारा गुरू. प्रश्नावली त्याने तपासावी, पहिले काही दिवस विद्यार्थ्यांबरोबर स्वतः गावात हिंडावे, रोजची टिपणवही वाचावी. ‘तुम्ही मराठीच ना?’ हा सूचक प्रश्न आहे. ‘घरात कोणाशी कोणत्या भाषेत बोलता?’ हा खरा प्रश्न आहे. हा फरक मार्गदर्शकाने शिकवायचा असतो. सांगणाऱ्याची संमती घेणे आणि त्याचे नाव गुप्त ठेवणे तर आपल्या भागात दुप्पट आवश्यक आहे. मार्गदर्शक कानडीभाषक असला तर उत्तमच. त्याच्या सहीचे वजन अधिक.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे: ‘आकडे आपल्याविरुद्ध गेले तर?’ जातील. काही गावांत मराठी आटली असेल. काही ठिकाणी मराठी पालकांनीच मुलांना मराठी शाळेतून काढले असेल, आणि त्यात चळवळीचे पुढारीही असतील. हे लपवून दावा बळकट होत नाही. जो साक्षीदार केवळ सोयीचे तेवढे सांगतो, तो उलटतपासणीत पहिल्या दहा मिनिटांत कोसळतो. विद्यार्थ्याला झेंडा देऊन गावात धाडू नका. त्याला वही द्या आणि जे दिसेल ते लिहिण्याची मुभा द्या.

उरला पैशाचा प्रश्न. गरीब घरचा मुलगा सुट्टीत शेतावर किंवा कारखान्यात राबतो. त्याच्या बुडणाऱ्या मजुरीइतके विद्यावेतन दिल्याशिवाय हे संशोधन सुखवस्तूंचा छंद ठरेल. मेळावे, मंडप आणि फलक यांवर आपण खर्च करतोच. त्यातला एक हिस्सा इकडे वळवावा.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील बांधवांनाही हेच सांगणे. तुमच्याकडे खेड्याऐवजी एखादी जुनी पेठ किंवा वाडा असेल. प्रश्न मात्र हेच आहेत.

येत्या उन्हाळ्यात एका महाविद्यालयाने, एका प्राध्यापकाने, चार विद्यार्थ्यांनी एक गाव निवडावे. अहवाल मराठीत लिहावा, त्याचे कानडी भाषांतर करावे आणि तो प्रथम त्या गावाच्या चावडीवर वाचून दाखवावा. गावाने चुका दाखवल्या तर दुरुस्त कराव्यात. इतके झाले की ‘सर्वांना ठाऊक आहे’ असे म्हणण्याची वेळ आपल्यावर येणार नाही. कागद पुढे ठेवता येईल.