शरीरांतील जुना बिऱ्हाडकरू

गेल्या महिन्यांत रोह्याहून एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या थोरल्या दिरांच्या मेंदूंत ग्लायोब्लास्टोमा नांवाचें अर्बुद निघालें. मुंबईस शस्त्रक्रिया होऊन ते घरीं परतले आहेत. या रोगाचा एका विषाणूशीं संबंध आहे, असें कोणीसें वाचून सांगितलें आणि तेव्हांपासून त्यांचें ताट वेगळें झालें, पुतण्यांनीं त्यांच्याजवळ बसणें बंद झालें. "हें योग्य आहे काय?" असें भगिनींनीं विचारलें आहे. पेण-रोह्याकडील पुष्कळ कुटुंबांत अद्यापि तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात. तेव्हां हा प्रश्न एका घरापुरता नाहीं.

प्रथम त्या विषाणूची ओळख करून घेऊं. त्याचें नांव सायटोमेगॅलो विषाणु. लाळ, मूत्र आणि मातेचें दूध यांच्या वाटे तो आपल्याकडे बहुधा बालपणींच शरीरांत शिरतो आणि बहुतेकांस त्याचा पत्ताही लागत नाहीं. कांजिण्यांच्या विषाणूच्याच कुळांतला असल्यामुळें पुढें तो जन्मभर अंगांत गुप्तपणें राहतो. भाडें न देणारा, पण गलबलाही न करणारा असा हा बिऱ्हाडकरू आहे. भारतांतील दहा प्रौढांपैकीं नऊ किंवा अधिक जणांच्या रक्तांत त्याच्या खुणा सांपडतात. म्हणजे ज्या मंडळींनीं दिरांस दूर बसविलें, त्यांपैकीं बहुतेकांच्या अंगांत तो आधींच आहे!

२००२ सालीं अमेरिकेंतील डॉ. चार्ल्स कॉब्ज व त्यांचे सहकारी यांनीं अशा अर्बुदांत या विषाणूचे अंश आढळल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें कांहीं प्रयोगशाळांस तसेंच आढळलें, कांहींस मुळींच आढळलें नाहीं. तो वाद मिटलेला नाहीं. परंतु अंश आहेत असें धरलें, तरी त्यावरून काय सिद्ध होतें? पेणेस गणपतीच्या कारखान्यांतून जो फिरून येईल, त्याच्या पायांस माती लागणारच. तेवढ्यावरून तो मूर्तिकार ठरत नाहीं. विषाणु दहांतील नवांच्या अंगीं, आणि हें अर्बुद अमेरिकेंतही वर्षाकाठीं लाखामागें सुमारें ३ माणसांस. अर्बुद एकदां झाल्यावर विषाणु त्याच्या वाढीस हातभार लावीत असावा, असा कांहीं संशोधकांचा तर्क आहे. पण तोच त्याचें कारण होय, असें म्हणण्यास आधार नाहीं. आणि अर्बुद तर एकापासून दुसऱ्यास लागतच नाहीं.

या बिऱ्हाडकरूवर पहारा ठेवण्यांत मात्र शरीराची बरीच शक्ति गुंतते. रक्तांतील ज्या पेशी जुन्या शत्रूंची आठवण ठेवतात, त्यांपैकीं सुमारें एकदशांश या एकाच विषाणूवर नेमलेल्या असतात, असें २००५ सालीं दाखविण्यांत आलें. याच पहारेकऱ्यांस अर्बुदावर सोडावें, या हेतूनें अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत एक लस योजिली गेली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला तो प्रयोग आशादायक असला तरी अवघ्या १२ रुग्णांवरचा होता. नित्याच्या उपचारांत ती लस आलेली नाहीं.

घरच्यांनीं ध्यानांत ठेवावयाची गोष्ट निराळीच आहे. किरणोपचार आणि औषधें यांमुळें रुग्णाच्या अंगांतील पहारेकरी कमी होतात आणि कांहीं रुग्णांत निजलेला विषाणु जागा होतो. मग रुग्ण सुस्तावतो, असंबद्ध बोलूं लागतो आणि गांठच पुन्हां वाढली, असें समजून घरचे धीर सोडतात. अशा वेळीं "हें विषाणूमुळें तर नव्हे?" असें डॉक्टरांस अवश्य विचारावें. रक्ताच्या तपासणीनें त्याचा माग लागतो व त्यावर औषधही आहे. परळच्या टाटा रुग्णालयाच्या संस्थेचें एक केंद्र खारघरास, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यांत आहे. सल्ल्यासाठीं दर वेळीं मुंबई गांठावी लागेलच, असें नाहीं.

सोंवळें पाळावयाचेंच असेल तर तें घरांतील गर्भवती सुनेसाठीं पाळावें. लहान मुलांच्या लाळेंत व मूत्रांत हा विषाणु महिनोन्महिने असतो आणि गर्भास बाधल्यास मूल बहिरें होण्याचा संभव असतो. म्हणून गर्भवतीनें मुलांचें उष्टें खाऊं नये आणि दुपटीं बदलल्यावर हात साबणानें धुवावे.

भगिनींस आमचें उत्तर एवढेंच कीं, रुग्णापासून घरास जपावयाचें नसून घरानें रुग्णास जपावयाचें आहे. ज्यास पडसें-खोकला असेल त्यानें त्यांच्यापासून दूर राहावें. बाकीच्या मुलांस काकांजवळ खुशाल बसूं द्यावें. आणि आज रात्रीं त्यांचें पान सर्वांच्या पंक्तींत मांडावें.