‘पॉइंट टू-टू’चा आवाज आणि शिशाची धूळ

कोल्हापुरात ‘सायलेन्सर’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभी राहते ती बुलेट. मूळ सायलेन्सर काढून फटाक्यासारखे बार काढीत जाणारी दुचाकी, मग पोलिसांची मोहीम आणि जप्त केलेल्या नळकांड्यांवरून फिरणारा रोडरोलर, हे दृश्य महाराष्ट्रातील अनेक शहरांच्या परिचयाचे आहे. बंदुकीच्या सायलेन्सरची चर्चा मात्र आपल्याकडे चित्रपटापलीकडे जात नाही. अमेरिकेत ती थेट संसदेपर्यंत गेली. तेथील १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर बसविला होता आणि नव्वद वर्षांत त्या आकड्यात बदल झाला नव्हता. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्षांची स्वाक्षरी झालेल्या कायद्याने हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. नोंदणीची अट कायद्यात तशीच ठेवण्यात आली, पैसे तेवढे माफ झाले. या सवलतीसाठी झगडणाऱ्यांनी २०१७ साली आपल्या विधेयकाला दिलेले नाव ‘हिअरिंग प्रोटेक्शन अॅक्ट’, म्हणजे श्रवणरक्षण कायदा, असे होते. नाव चतुराईचे आहे. पण ते पूर्णपणे खोटेही नाही.

या घडामोडीकडे कोल्हापूरने लक्ष का द्यावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर या जिल्ह्याच्या पदकांत आहे. ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिचच्या जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविक्रमाशी बरोबरी करीत सुवर्णपदक मिळविले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण आणले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या तिघांच्या हातातील शस्त्रे वेगळी, पण काडतूस एकच: नेमबाजांच्या बोलीत ‘पॉइंट टू-टू’, म्हणजे ०.२२ इंची रिमफायर. अमेरिकेत सायलेन्सरचा शौक बहुतेकांना ज्या काडतुसापासून लागतो, तेही हेच.

रिमफायर म्हणजे ज्याच्या बुडाच्या कडेत पेट घेणारे मिश्रण भरलेले असते असे काडतूस. बंदुकीची पिन मध्यभागी न आपटता या कडेवर आपटते. काडतूस लहान, दारू थोडी, धक्का नगण्य आणि गोळी मऊ शिशाची. मोठ्या रायफलीच्या गोळीवर तांब्याचे कवच असते. येथे शिशावर मेण किंवा वंगणाचा थर देऊन काम भागते. या एका फरकातून पुढचा सारा प्रश्न निर्माण होतो.

प्रथम आवाजाचे पाहू. बंदुकीचा आवाज हा खरे तर दोन-तीन आवाजांचा मेळ असतो. नळीच्या तोंडातून कोंडलेला वायू एकदम सुटतो, तो पहिला बार. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर वाटेत हवा फाटल्याचा चटका ऐकू येतो, तो दुसरा. सायलेन्सर केवळ पहिल्यावर उपाय करतो. नळीच्या पुढे बसविलेल्या नळकांड्यात एकामागे एक पडदे असतात. वायू त्यांत अडखळतो, पसरतो, थंड होतो आणि मग बाहेर पडतो. मोटारीच्या सायलेन्सरचे तत्त्वही हेच. १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेणारा हायरम पर्सी मॅक्सिम मोटारींच्या धंद्यातही वावरलेला होता. त्याचे वडील मॅक्सिम मशीनगनचे जनक, आणि तोफा-बंदुकांच्या सहवासात त्यांची श्रवणशक्ती गेली होती. बापाने आवाज निर्माण करावा आणि लेकाने तो कोंडावा, असा हा घरगुती इतिहास आहे.

दुसऱ्या आवाजावर उपाय काडतुसाच्या निवडीत आहे. स्पर्धेची ०.२२ गोळी मुळातच सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली, धावते. त्यामागे शांततेचा हेतू नसून अचूकतेचा आहे. ध्वनीची मर्यादा ओलांडलेली गोळी वेग कमी होताना पुन्हा त्या सीमेवरून खाली येते तेव्हा डळमळते, आणि पन्नास मीटरवर ही डळमळ एखाद्या दशांश गुणाची किंमत वसूल करते. अशा गोळीसोबत सायलेन्सर वापरला तर आवाज साधारण २० ते २५ डेसिबलने उतरतो. चित्रपटातील ‘फुस्स’ एवढा तो कधीच होत नाही.

परदेशात ०.२२ साठी सायलेन्सर निवडणारा पहिला विचार वजनाचा करतो, कारण हलक्या रायफलीच्या टोकाला पावशेराचे ओझे टांगले तर नेम खाली झुकतो. अॅल्युमिनियमचे सायलेन्सर शंभर ग्रॅमच्या आसपास बसतात आणि स्वस्त पडतात. टायटॅनियम हलके असून टिकाऊ, पण महाग. पोलाद दणकट आणि जड. जाणकार मात्र वजनाच्याही आधी एकच प्रश्न विचारतात: हे उघडता येते का? मोठ्या रायफलीचा तापलेला, प्रचंड दाबाचा वायू नळकांडे बऱ्याच अंशी स्वतःच झाडून नेतो. ०.२२ च्या वायूत तेवढा जोर नसतो. शिशाची वाफ, वितळलेले मेण आणि अर्धवट जळलेली दारू पडद्यांवर थराथराने बसत जाते. सीलबंद सायलेन्सर काही हजार गोळ्यांनंतर आतून शिशाने भरतो, दिवसेंदिवस जड होतो आणि एक दिवस पडदे एकमेकांना असे चिकटतात की हातोडीशिवाय निघत नाहीत. त्यामुळे ज्याचे पडदे सुटे करता येतात तेच ०.२२ साठी घ्यावे, आणि काहीशे गोळ्यांनंतर ते उघडावे, अशी रीत आहे. पडदे पोलादाचे वा टायटॅनियमचे असतील तर घासणे सोपे जाते. अॅल्युमिनियम आम्लाने झिजते, त्यामुळे तेथे जपून.

स्वच्छतेच्या याच टप्प्यावर एक घातक घरगुती तोडगा प्रचलित झाला. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साईड यांच्या मिश्रणात पडदे भिजवले की शिसे जादूने विरघळते. ही जादू म्हणजे लेड अॅसिटेट. पाण्यात सहज विरघळणारे हे विष त्वचेतूनही शरीरात शिरते आणि मोरीत ओतले तर पुढे कोठे जाईल याचा नेम नाही. कोरड्या ब्रशने घासणे दिसायला निरुपद्रवी, पण त्याने शिशाची धूळ उडते. ओले करून, हातमोजे घालून, स्वयंपाकघरापासून दूर घासावे आणि निघालेला मळ वेगळा ठेवावा, एवढेच शहाणपणाचे.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत ‘अग्निशस्त्र’ या शब्दात आवाज किंवा झोत कमी करण्यासाठी घडविलेली उपसाधनेही अंतर्भूत आहेत. म्हणजे बंदूक नसली तरी नुसते नळकांडे हेच कायद्याच्या नजरेत शस्त्र. शस्त्र नियमांच्या वर्गवारीत ते पहिल्या, सर्वांत कडक वर्गात ठेवलेले आहे आणि त्याचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकांना ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. त्या वेळी नेमबाजांना असलेली सूट कायम राहिली, पण त्यातून सायलेन्सरचा मार्ग खुला झाला नाही. आणि खेळाच्या दृष्टीने तो खुला होण्याची गरजही नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार रायफलीच्या तोंडाशी वायू वळविणारी साधने निषिद्धच आहेत. ज्या साधनासह स्पर्धेत उतरता येत नाही, त्यासह सराव कोण करील?

कायद्याच्या या संशयाला कारणही आहे. न्यूझीलंडमध्ये ससा हा पिकांचा शत्रू आहे. तेथे शेतकऱ्याने ०.२२ वर सायलेन्सर लावणे हा शेजारधर्म समजला जातो आणि त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. आपल्याकडे हीच जोडी कोणाच्या हाती पडेल, याचा विचार राधानगरीच्या जंगलात उभे राहून करावा. दाजीपूरचे गवा अभयारण्य १९५८ सालचे, त्याआधी ते कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, तरी चोरटी शिकार संपलेली नाही. वनरक्षकाला रात्री जो एकमेव इशारा मिळतो तो बाराचा. तोही काढून घेण्यासारखे आपल्याकडे काही घडलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या भर रस्त्यात एका विमा कंपनीच्या प्रमुखाची हत्या झाली, तीत सायलेन्सर वापरला गेल्याचे जगाने चित्रफितीत पाहिले. तेव्हा बंदी उठवा, असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

हेतू वेगळा आहे. हलका सायलेन्सर ज्या दोन कारणांनी जन्मला आणि ज्या कारणाने तो वारंवार घासावा लागतो, ती कारणे कोल्हापूरच्या रेंजवरही हजर आहेत. साधन बेकायदा असल्याने आपण प्रश्नच नाही असे समजून चाललो आहोत.

०.२२ रायफलीच्या बाराची कमाल पातळी १४० डेसिबलच्या आसपास किंवा थोडी खाली असते. आखूड नळीच्या पिस्तुलाची त्याहून वर. १४० डेसिबल ही क्षणिक आवाजाची धोक्याची रेषा जगभर मानली जाते. तुलना हवी असेल तर आपल्या नियमांनी फटाक्याला चार मीटर अंतरावर १४५ डेसिबलची कमाल मर्यादा घालून दिली आहे. फटाका वर्षातून चार दिवस. सरावाचा नेमबाज असा आवाज दिवसातून शंभरदा, कानापासून हातभर अंतरावर ऐकतो, आणि शेजारच्या लेनमधले बार त्याला बोनस म्हणून मिळतात. त्यातून रेंज पत्र्याखाली, उघड्या सिमेंटच्या भिंतींत असेल तर प्रत्येक आवाज दोनदा येतो. गणेशोत्सवातील डॉल्बीवर बैठका घेणाऱ्या या शहरात रेंजवरील मुलांच्या कानांसाठी बैठक झाल्याचे ऐकिवात नाही. उपाय महागडे नाहीत. कानात फोमचे बोळे आणि त्यावर मफ, असे दुहेरी संरक्षण सक्तीचे करावे. प्रशिक्षकांनाही, कारण ते तर दिवसभर तेथेच असतात. छताला व भिंतींना आवाज शोषणारे आवरण द्यावे आणि दोन लेनमध्ये आडोसा करावा. सायलेन्सर बंदुकीला लावता येत नसेल तर इमारतीला लावावा, असे म्हणा हवे तर.

शिशाचा हिशेब अधिक गंभीर आहे, कारण तो ऐकू येत नाही. ०.२२ ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची. दिवसाला शंभर गोळ्या आणि वर्षाला अडीचशे दिवस धरले तर एकटा नेमबाज वर्षाकाठी ६५ किलो शिसे उधळतो. त्यातील बहुतांश लक्ष्यामागे अडकते हे खरे. पण काही तेथे आपटून धूळ होते, काही वाफेच्या रूपाने नळीच्या तोंडाशी, म्हणजे नेमबाजाच्या श्वासाच्या टप्प्यात बाहेर पडते. काडतुसाच्या कडेतील मिश्रणातही परंपरेने शिशाचे संयुग असते. परदेशातील सायलेन्सरच्या पडद्यांवर जो थर साचतो तो आपल्याकडे सायलेन्सर नसल्याने कोठे जात असेल, याचा विचार करून पाहावा. तो नळीत, फरशीवर, जॅकेटच्या बाहीवर आणि हातांवर जातो, आणि मग त्याच हाताने वडापाव खाल्ला जातो.

नळीच्या सफाईबाबत आपले नेमबाज काटेकोर असतात, यात शंका नाही. गज नेहमी मागच्या बाजूने, मार्गदर्शक नळी लावून घालायचा, म्हणजे तोंडाची कड झिजत नाही. द्रावणात भिजवलेला कापडाचा तुकडा किंवा नमद्याची गोळी पुढे ढकलायची, मागे ओढायची नाही. सफाईनंतर पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरायच्या नाहीत, कारण वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंत नळी लहरी असते. काडतुसांची निवडही तशीच. बर्मिंगहॅमच्या ईलीची किंवा जर्मनीत बनणारी लापुआची काडतुसे एकाच नावाची असली तरी प्रत्येक खेपेचा स्वभाव वेगळा, आणि एकेका नळीला एकेक खेप मानवते. ती शोधण्यासाठी रायफल शिकंजात धरून खेपामागून खेप झाडून पाहिली जाते. आयात काडतुसांचा खर्च सामान्य घराचे कंबरडे मोडणारा असतो. म्हणून एकदा मानवलेली खेप जपून पुरविली जाते. एवढी काळजी नळीची. मात्र गजावरून उतरलेला काळा तुकडा उघड्या बोटांनी धरून कोपऱ्यात टाकला जातो, हेही तितकेच खरे.

शिसे मुलांच्या मेंदूला बाधते, हे आता वादाचे राहिलेले नाही. म्हणूनच आपण २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद केले. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाने जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर वा त्याहून अधिक शिसे असल्याचे नोंदविले होते, आणि अशा मुलांत भारतीय मुलांची संख्या मोठी आहे. म्हणजे रेंजवर येणारा मुलगा कदाचित आधीच काही ओझे घेऊन येत असतो. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ भागांत शिशाचे छर्रे वापरण्यास बंदी घातली, ती पक्ष्यांसाठी. ०.२२ ला शिशाइतका अचूक पर्याय अद्याप तयार झालेला नाही, त्यामुळे ऑलिम्पिकचे हे काडतूस लगेच बदलणार नाही.

तोवर करता येण्याजोगे पुष्कळ आहे. रेंजच्या दाराशी वाहते पाणी आणि साबण हवा, फायरिंग लाइनवर खाण्यापिण्यास मनाई हवी. झाडू बंद करून ओल्या फडक्याने फरशी पुसावी. हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहील असे पंखे बसवावेत. बंदिस्त रेंज बांधताना हा मुद्दा आराखड्यातच यावा, कारण भिंती उभ्या राहिल्यावर तो दुरुस्त करणे दुप्पट खर्चाचे ठरते. लक्ष्यामागचे शिसे भंगारवाल्याच्या गाड्यावर न घालता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जावे. आणि राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत ०.२२ हाताळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची वर्षातून एकदा रक्तातील शिशाची आणि कानांची तपासणी व्हावी. पॅरिसच्या पदकानंतर बक्षिसाच्या रकमेवरून राज्यात बरीच चर्चा झाली. या दोन तपासण्यांचा खर्च त्या रकमेच्या तुलनेत इतका किरकोळ आहे की क्रीडा खात्याने तो पुढील हंगामाच्या आधी मंजूर करण्यास हरकत नसावी.