आठवीनंतर कायदा कुठे जातो?

गेल्या जूनमध्ये एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी आठवी पास झालेली, गणितात वर्गात पहिली. वस्तीतली उर्दू शाळा आठवीपर्यंतच. पुढची शाळा हायवेच्या पलीकडे, दोन रिक्षा बदलून जावे लागते. शाळेने दाखला हातात दिला. मुलगी पुढे कुठे जाणार, हे कुणी विचारले नाही. आई म्हणाली, "आपा, आम्हाला शिकवायचं नाही असं नाही. पण रोज सोडणार कोण, आणणार कोण? घरी मणी लावायचं काम आहे, तेवढाच हातभार."

मुलगी गप्प बसून होती. मी शिक्षण हक्क कायद्याची पुस्तिका काढली आणि मलाच ओशाळल्यासारखे झाले. कारण या मुलीला नववीत बसवण्याचा हक्क त्या पुस्तिकेत नव्हताच.

या कायद्याने काही दिले नाही, असे मी म्हणणार नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलामुलीला आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क दिला. शाळेत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हवे, हे कायद्यातच लिहिले. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले. ज्या आयांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, त्या शाळेच्या बैठकीत खुर्चीवर बसून प्रश्न विचारताना मी पाहिल्या आहेत. समतेचा कायदा जमिनीवर उतरतो तो असा.

पण हा हक्क चौदाव्या वर्षी संपतो. तिथून अठराव्या वर्षापर्यंतची चार वर्षे पाहा. बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीच्या लग्नासाठी अठरा वर्षांची अट घालतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येते. म्हणजे या चार वर्षांत मुलीचे लग्न करता येत नाही, तिला कामाला लावता येते आणि शिकण्याचा हक्क मात्र तिच्या हातात नाही. घरात बसून मणी लावणारी मुलगी तर कामगार म्हणूनही कुणाच्या नजरेस पडत नाही. अशा मोकळ्या वेळेत लग्नाची बोलणी सुरू होतात, मग अठराची अटही कागदावर राहते.

मुलाची शाळा सुटली तर तो सायकलवर टांग टाकून दूरच्या शाळेत जाऊ शकतो. मुलीसाठी तेच अंतर शिक्षणाचा शेवट ठरते. कायद्याचा शब्द दोघांना सारखा, परिणाम मात्र सारखा नाही.

महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षणशुल्क माफ केले. निर्णय चांगला आहे, त्याचा लाभ आपल्या अनेक मुलींना मिळू शकतो. पण ही सवलत कॉलेजच्या दारात उभी आहे आणि आमची मुलगी आठवीच्या उंबरठ्यावर अडली आहे. दोघींची गाठ पडणार कशी?

"मुस्लिम समाजालाच मुलींना शिकवायचे नाही," हे ठरलेले उत्तर मला मान्य नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले होते की, शाळकरी वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात. बाकीच्या पालकांना नेहमीचीच शाळा हवी असते. मुलींच्या अडचणींत समितीने जवळ शाळा नसणे, वसतिगृहे नसणे, शिक्षिका नसणे, ही कारणे नोंदवली.

मात्र आपल्या पदरातली चूकही झाकू नये. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मदरसे आणि वैदिक पाठशाळा वगळल्या गेल्या, तेव्हा आपल्या धार्मिक नेतृत्वाने ती सूट मागून घेतली होती. २०१४ च्या 'प्रमती' निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या सर्व शाळा या कायद्याबाहेर गेल्या. त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये म्हटले आहे. संस्था चालवण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या कलम ३० ने दिले आहे आणि ते मोलाचे आहे. पण संस्थेचा हक्क राखताना मुलीचा हक्क कुणी राखला? स्वच्छतागृहाची आणि आयांच्या समितीची सक्ती नको, असे म्हणणारी संस्था नेमके कोणाचे हित जपते?

माझ्या मागण्या साध्या आहेत. शिक्षणाचा हक्क अठरा वर्षांपर्यंत वाढवा. नव्या शैक्षणिक धोरणातही वयाची हीच मर्यादा सुचवली आहे. जिथे उर्दू शाळा सातवी-आठवीला थांबते, तिथे नववी-दहावीचे वर्ग त्याच इमारतीत सुरू करा. दाखला देताना पुढच्या शाळेतला प्रवेश पक्का करण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाका. आणि आपल्या संस्थाचालकांनी कायद्याची वाट न पाहता व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा आयांना द्याव्यात.

त्या मुलीचे पुढे काय झाले? तीन फेऱ्या मारल्या, गल्लीतल्या आणखी तीन मुलींचे पालक तयार झाले, चौघींत मिळून एक रिक्षा ठरली. आज ती नववीत आहे. पण तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुली कुठे आहेत, हे मला ठाऊक नाही. त्यांच्या आया माझ्याकडे आल्या नाहीत. मुलीचे शिक्षण कुणाच्या तरी ओळखीवर अवलंबून राहत असेल, तर तो हक्क नव्हे, ती मेहेरबानी झाली.